गेज लावलं की शहाणं होणारं मशीन

भार आला की तेलाचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा तीनशेच्या वर जात होता आणि तिथे खिळल्यासारखा उभा राहत होता. जायला पाहिजे तेवढाच जात होता. बकेट कातळात घुसत होती, भरून वर येत होती, डंपरमध्ये रिकामी होत होती. मशीनला काहीही झालेलं नव्हतं. आणि मला बोलावलं होतं ते काय झालंय हे शोधायला.

"बघा," शेजारी उभे असलेले म्हात्रेशेठ म्हणाले. मशीन त्यांचं. "तुम्ही आलात आणि झालं चांगलं. दोन मेकॅनिक येऊन गेले, तेव्हा पण असंच."

"तासाभरापूर्वी काय होत होतं?"

"बकेट वर येत नव्हती. म्हणजे, तो बोलला की येत नव्हती." त्यांनी हनुवटीने केबिनकडे खूण केली.

केबिनमध्ये सदाभाऊ होते. मशीनचे ऑपरेटर, वय पन्नाशीच्या पुढे, मूळचे माणदेशातले. ते आमच्याकडे बघत नव्हते. आपण शेवटी खोटे ठरणार हे ज्याला आधीच कळलेलं असतं, तो माणूस जसा मुकाट्याने काम करत राहतो तसे ते लिव्हर ओढत होते.

जागा कल्याण पूर्वेची, विठ्ठलवाडी स्टेशनच्या अलीकडे. इमारतीच्या पायाचा खड्डा चालू होता. मशीन म्हणजे एक्सकॅव्हेटर. आपल्याकडे त्याला सरसकट पोकलेन म्हणतात, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. मी राहतो ठाण्याला, कोपरीत. तीस वर्षं एका डीलरच्या सर्व्हिस खात्यात काढली. रिटायर झाल्यावर घरात बसून बायकोच्या मिक्सरमध्ये खोट काढण्यापेक्षा बरं, म्हणून स्वतःची बॅग घेऊन फिरतो. मूळचा इलेक्ट्रिशियन. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी जी फजिती झाली ती त्यामुळेच. पंपवाल्याला प्रत्येक दुखणं पंपात दिसतं, मला वायरीत.

तक्रार अशी होती. सकाळी सातला काम सुरू होतं. दोन-अडीच तास मशीन झकास चालतं. मग हळूहळू त्याच्यातला जीव जातो. बूम, म्हणजे तो मोठा हात, भार घेऊन वर यायला कुरकुरतो. बकेट मंद. मशीन पुढेमागे करायलाही मंद. एकच भाग आजारी असता तर शोधणं सोपं, इथे सगळंच एकदम सुस्तावत होतं. केबिनमधल्या स्क्रीनवर एकही एरर नाही. पहिल्या मेकॅनिकने फिल्टर बदलला. मशीन चाललं, दुसऱ्या दिवशी परत तेच. दुसऱ्याने तेल बघितलं, थोडं भरलं, आणि 'पंप गेला' असं सांगून गेला. गेलेला पंप रोज सकाळी ताजातवाना कसा होतो, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

"कधीपासून आहे हे?" मी शेठना विचारलं.

"दसऱ्यापासून. पूजा केली, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी फोटो काढले. नजर लागली, दुसरं काय." मशीनच्या पुढच्या बाजूला खरंच लिंबू-मिरची बांधलेली होती. मी मनातल्या मनात हसलो. ते हसणं पुढे मला महागात पडलं.

मग शेठनी मला बाजूला घेतलं.

"खरं सांगू का साहेब? मला मशीनवर संशय नाही, त्याच्यावर आहे. दिवाळीला गावी जायचंय बोलला. मी नाही बोललो, खड्डा पुरा व्हायचाय. त्यानंतर हे चालू झालं. लिव्हर अर्धाच ओढला की बकेट हळूच येणार ना? मला काय कळत नाही? शनिवारी दुसरा ऑपरेटर येतोय. तुम्ही फक्त सांगा, मशीन ओके आहे. मी सदाला मोकळा करतो."

"किती वर्षं आहेत तुमच्याकडे?"

"चौदा," शेठ म्हणाले आणि खड्ड्याकडे बघू लागले.

त्या दिवशी बुधवार होता.

मी पोचलो तेव्हा मशीन खरंच मंद झालेलं होतं, पण ते मी बघितलं खड्ड्याच्या काठावरून. लिव्हर सदाभाऊंच्या हातात. मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. बॅटरी चोवीस व्होल्ट, ठीक. पंपाला 'किती जोर लाव' हे सांगणारा एक छोटा इलेक्ट्रिक वॉल्व्ह असतो, त्याचा करंट मोजला, ठीक. मग तेलाचा दाब मोजायला गेज लावायचं ठरवलं.

इथे एक नियम आहे. तेलाची कुठलीही जोडणी उघडायच्या आधी मशीन बंद करायचं आणि तेलाच्या टाकीचं झाकण सैल करून आतला दाब सोडायचा. नाहीतर गरम तेल अंगावर येतं. शिकाऊ असताना पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. मी झाकण सैल केलं. फुस्स झालं. व्हायचंच होतं. झाकण परत आवळलं, गेज लावलं, मशीन सुरू करायला सांगितलं, आणि काटा तीनशेच्या वर.

आता माझ्यासारख्या माणसाला 'काही सापडलं नाही' असं म्हणवत नाही. मी वायरिंग उलगडत गेलो आणि पंपाजवळच्या प्रेशर सेन्सरच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज सापडला. मला इतका आनंद झाला की विचारू नका. साफ केला, स्प्रे मारला, घट्ट बसवला.

"गरम झाल्यावर हा कॉन्टॅक्ट सोडत होता," मी शेठना ठासून सांगितलं. "म्हणून दोन तासांनी प्रॉब्लेम."

सदाभाऊ खाली उतरले होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, वायरचं न्हाई वाटत. आवाज बदलतो त्याचा. कुणीतरी गळा धरल्यागत करतंय."

"आता नाही करणार," मी म्हणालो आणि बॅग उचलली.

पाच वाजता मी घरी चहाचा कप तोंडाला लावत होतो, तेव्हा शेठचा फोन आला. "साहेब, परत सुरू झालं त्याचं नाटक."

'त्याचं' म्हणाले. मशीनचं नाही, सदाचं. माझा चहा कडू झाला. कारण मी अशी काही खात्री देऊन आलो होतो की आता मशीन बिघडणं शक्यच नव्हतं. म्हणजे उरला कोण, तर लिव्हर धरणारा. माझ्या हुशारीने सदाभाऊंच्या गळ्यातला फास आणखी आवळला होता. मला स्वतःची लाज वाटली.

"उद्या सकाळी सातला येतो," मी म्हणालो. "मी येईपर्यंत मशीन चालू करू नका."

गुरुवारी मी बॅग उघडलीच नाही. सदाभाऊंच्या सीटमागे जी चिंचोळी जागा असते तिथे अंग चोरून उभा राहिलो. हे नियमात बसत नाही, तुम्ही करू नका. केबिन आरशासारखी स्वच्छ. समोर छोटी खंडोबाची तसबीर, बाजूला घडी केलेलं फडकं. चपला बाहेर काढून ठेवलेल्या.

"साहेब, तुमचे बूट असू द्या," ते म्हणाले. तरी मी काढले.

दोन तास आम्ही विशेष बोललो नाही. मी फक्त ऐकत होतो. पंपाचा आवाज म्हणजे एक जाडसर, भरलेली गुणगुण. साडेनऊच्या सुमारास त्या गुणगुणीत किणकिण यायला लागली. पत्र्याच्या डब्यात बारीक खडी हलवावी तशी.

"आला," सदाभाऊ म्हणाले. "ऐकलं?"

"उठा," मी म्हणालो. "मला बसू द्या."

मला मशीन चालवता येतं, शोभेपुरतं. बकेट भरली, बूमचा लिव्हर पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढला. म्हातारा माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठतो तसा बूम वर आला. लिव्हर पूर्ण होता. मी मागे वळून सदाभाऊंकडे बघितलं.

"तुम्ही खरं बोलत होता," मी म्हणालो.

ते फडक्याने उगाचच काच पुसत राहिले. इतके दिवस हे एक वाक्य कुणी त्यांना म्हणालं नव्हतं.

पण खरं बोलतात एवढ्याने शनिवार टळणार नव्हता. शेठना कारण हवं होतं. मी मशीन बंद केलं आणि परत सुरू करून बघितलं. फरक नाही. म्हणजे नुसत्या बंद करण्याने ते सुधारत नव्हतं. मग काल कशाने सुधारलं?

मी वाळूच्या ढिगावर बसलो आणि सदाभाऊंना विचारलं, "पहिल्या मेकॅनिकने काय काय केलं? सगळं सांगा. अगदी पहिल्यापासून."

"मशीन बंद केलं. टाकीचं झाकण खोललं. फिल्टर बदलला."

"दुसऱ्याने?"

"झाकण खोलून तेल बगितलं. भरलं थोडं."

"आणि मी?"

"तुम्ही झाकण ढिलं केलं, मग ते घड्याळ लावलं."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. एकाने फिल्टर बदलला, एकाने तेल भरलं, एकाने गेज लावलं. तिघांना वाटलं आपल्या हाताला गुण आहे. तिघांनी सारखं केलेलं काम एकच होतं, आणि ते कुणी कामात धरलंच नव्हतं.

मी टाकीवर चढलो. झाकणाभोवतीची धूळ कॉटन वेस्टने, म्हणजे पुसायच्या सुताच्या गुंडाळ्याने, साफ केली. नाहीतर धूळ तेलात पडते. त्या वेस्टचा एक धागा झाकणाच्या कडेला राहिला होता. झाकण सैल केलं. फुस्स झालं. आणि धागा आत गेला.

आत. मी बघतच राहिलो. टाकीत दाब असला तर हवा बाहेर यायला हवी. धागा उडून माझ्या तोंडावर यायला हवा होता. तो फटीत ओढला जाऊन अडकून बसला होता. कालचं फुस्स पण असंच आतलं असणार. फुस्स ऐकलं की आम्ही समाधानी. हवा कुठून कुठे जाते हे तीस वर्षांत बघायची कधी गरजच पडली नव्हती.

बाकी कशालाही हात न लावता झाकण आवळलं. "चालवा."

सदाभाऊंनी भरली बकेट झोकात वर उचलली. पंप परत पहिल्यासारखा गुणगुणायला लागला.

आता हे का झालं ते सांगतो. पंप टाकीतलं तेल ओढतो आणि सिलेंडरमध्ये ढकलतो. सिलेंडरचा दांडा बाहेर आला की बूम उचलला जातो. तेल तिकडे गेलं की टाकीतली पातळी उतरते, आणि तेवढी हवा टाकीत यावी लागते. दांडा आत गेला की तेल परत येतं, हवा बाहेर जाते. दिवसभर टाकीचा असा श्वास चालू असतो. तो श्वास घ्यायला टाकीवर मुठीएवढं एक टोपण असतं. त्याला ब्रीदर म्हणतात. त्याच्या कडेखाली बारीक भोकं असतात. हवा आत येणंच बंद झालं तर आत पोकळी तयार होते आणि पंपाला तेल ओढता येत नाही. तोंड बंद केलेल्या बाटलीतून स्ट्रॉने सरबत ओढून बघा, म्हणजे कळेल. आणि झाकण उघडलं की बिचाऱ्याला एकदम श्वास मिळतो, पुढचे दोन तास मजेत.

मी ब्रीदर शोधला. मला तो आधी दिसलाच नव्हता, कारण ब्रीदर काळा असतो आणि मी काळं काही शोधत होतो. हा पिवळा होता. मशीनच्याच रंगाचा, चकचकीत ऑइल पेंटचा. वरून, बाजूने, आणि बोट घालून चाचपलं तर कडेच्या खालूनसुद्धा.

खोलून हातात घेतला. भोकांवर रंगाची पातळ पापडी धरली होती. आतून हवा ढकलली की पापडी उचलली जाऊन वाट देत होती. बाहेरून हवा आत यायला लागली की तीच पापडी भोकांना चिकटून बसत होती. दर खेपेला थोडी थोडी हवा बाहेर जायची, परत यायची नाही, म्हणून आत पोकळी व्हायला दोन-अडीच तास लागायचे. रात्रभर मशीन उभं असताना कुठून तरी हळूहळू झिरपून आत येत असणार, म्हणून सकाळी ताजं. इतका सुंदर बिघडलेला ब्रीदर मी आयुष्यात बघितला नव्हता. मी तो उन्हात धरून फुंकर मारून बघत होतो. क्षणभर मी सदाभाऊंना विसरूनच गेलो.

ते खाली उभे होते. चेहरा उतरलेला.

"खंडेनवमीसाठी मीच रंगवलं ते," ते म्हणाले. "आधी मशीन धुतलं, सगळं घासलं. ब्रशनं दोन हात मारले. त्यो नीट दिसावा म्हणून खालनं बी मारला."

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते हे सांगायला नको. चौदा वर्षं त्या माणसाचं हत्यार म्हणजे हे वीस टनांचं धूड. स्प्रेवाला न बोलावता त्याने दोन दिवस हाताने रंगवलं होतं. आणि त्या मायेनेच मशीनचा गळा धरला होता.

माझ्या डोक्यात लगेच दुसरा हिशोब सुरू झाला. शेठना खरं सांगितलं तर सदाभाऊ खोटारडे नाहीत हे सिद्ध होईल, पण मशीन बंद पाडणारे ठरतील. नाटक करणाऱ्याला काढायचं की नुकसान करणाऱ्याला, निकाल तोच. तेवढ्यात शेठ खड्ड्याच्या उतारावरून खाली आले.

"सापडलं?"

"सापडलं," मी म्हणालो. "मी स्वतः चालवून बघितलं. लिव्हर पूर्ण ओढला तरी बूम उठत नव्हता. सदाभाऊंचं काही नाटक नाही. हा ब्रीदर चोक झालेला." आणि मग मी ते केलं जे रिपोर्टमध्ये कधी करत नाही. "धूळ बसते. चालायचंच."

"धूळ न्हाई, शेठ," सदाभाऊ म्हणाले. "रंग हाय. मी लावलेला."

मी त्यांच्याकडे रागाने बघितलं. माणसाला वाचवायला जावं आणि त्याने स्वतःहून खड्ड्यात उडी मारावी, याला काय म्हणायचं? पण दहा दिवस ज्याला कुणी खरं मानलं नव्हतं, त्याला आपल्याच बाजूने पहिलं खोटं नको होतं. हे मला घरी जाताना कळलं.

शेठनी ब्रीदर माझ्या हातातून घेतला. उलटासुलटा केला. नखाने रंगाची पापडी खरवडली. बराच वेळ ते तेवढंच करत होते.

"सदा," ते शेवटी म्हणाले, "आधी हे रंगवलं नव्हतंस ना तू?"

"न्हाई."

"पूजेच्या आदल्या दिवशी मी इथे आलेलो. वर बघून मीच बोललेलो, सगळं पिवळं झालं, ते काळं टोपण तेवढं कशाला ठेवलंस?"

सदाभाऊंना हे पहिल्यापासून आठवत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मला सांगतानासुद्धा त्यांनी ते गाळलं होतं.

शेठनी ब्रीदर मला परत दिला. इकडेतिकडे बघितलं. मग एकदम वैतागल्यासारखं ओरडले, "गावची एसटी कधीची आहे तुझी?"

"कुठली, शेठ?"

"दिवाळीची रे! कुठली म्हणजे? शनिवारी येणारा तो दुसरा येईल, तो चालवेल तू परत येईपर्यंत. आठ दिवस. नवव्या दिवशी मला तू इथे पाहिजेस." एवढं बोलून ते चढण चढून निघून गेले. माफीबिफी काही नाही. पण चौदा वर्षांच्या बोलण्यावागण्यात ती कुठे बसते हे त्या दोघांना ठाऊक असणार.

मी विठ्ठलवाडीच्या एका दुकानातून नवा ब्रीदर आणला आणि बसवला. दोन मिनिटांचं काम. कालचा साफ केलेला कनेक्टर तेवढा चकाकत होता, कुणाच्याही उपयोगाचा नसलेला.

यातून मी काय शिकलो? पहिलं, मशीन हयगयीनेच बिघडतं असं नाही, लाडानेही बिघडतं. दुसरं, 'नजर लागली' म्हणणाऱ्याचं कारण चुकीचं असेल, पण तारीख बरोबर असू शकते. शेठनी 'दसऱ्यापासून' म्हटलं तेव्हाच मी दसऱ्याला काय काय केलं हे विचारायला हवं होतं. तिसरं, ऑपरेटर 'गळा धरल्यागत' म्हणाला तर गळा कुठे आहे ते आधी बघावं. मीटर नंतर काढावा.

पुढच्या खंडेनवमीला शेठनी मला मोबाइलवर फोटो पाठवला. मशीन धुऊन-रंगवून तयार, झेंडूचा हार, शेजारी सदाभाऊ पांढऱ्या टोपीत. फोटो मोठा करून मी आधी टाकी बघितली. ब्रीदरवर प्लॅस्टिकची पिशवी, वरून रबरबँड. रंग लागू नये म्हणून.

मी ताबडतोब सदाभाऊंना फोन लावला. "ती पिशवी!"

"काढली, साहेब. फोटो आदीचा हाय."

खात्री करायला कल्याणला जायचं तर मला अर्धा तास लागतो. मी गेलो नाही.